पन्नास मीटरवरचा पोलादी ससा

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या बाजूला कुणाच्या खांद्याला छऱ्याची बंदूक दिसली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘‘ह्येच्यानं डुक्कर पडतंय काय हो?’’ विचारणाऱ्याचा दोष नाही. पिकायला आलेल्या भाताची रानडुकरांनी एका रात्रीत केलेली माती ज्याने पाहिली आहे, त्याला बंदुकीचा दुसरा उपयोग सुचणार कुठून? उत्तर मात्र दोन्ही अंगांनी ‘नाही’ असंच आहे. या बंदुकीत तेवढा जोर नाही. जुन्या लष्करी थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीत तीन हजारांवर जूल ऊर्जा असते. ज्या बंदुकीबद्दल मी लिहितो आहे तिच्या छऱ्यात असते सोळा. एक किलो साखरेची पुडी माणसाच्या हातातून त्याच्याच उंचीवरून निसटली, तर जमिनीवर जेवढ्या जोराने आपटेल, साधारण तेवढीच. शिवाय रानडुक्कर असो की रानकोंबडा, वन्यजीव परवानगीशिवाय मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

मग मारायचं काय? पोलादी ससा.

फील्ड टार्गेट नावाचा हा खेळ १९८० मध्ये इंग्लंडात सुरू झाला. रानात, झाडीत, बांधाच्या आडोशाला पोलादी पत्र्याचे ससे, उंदीर, खारी, कावळे उभे केलेले असतात. प्रत्येकाच्या अंगावर एक गोल भोक असतं. भोकाचा व्यास १५ ते ४० मिलिमीटर, आणि त्याच्या मागे एक पट्टी. छर्रा भोकातून नीट आत जाऊन पट्टीवर बसला, की ससा आडवा होतो आणि एक गुण मिळतो. भोकाबाहेरच्या पत्र्यावर बसला, तर नुसताच ‘टण्ण’ होतो, ससा उभाच राहतो, गुण शून्य. पडलेला ससा लांबूनच दोरी ओढून पुन्हा उभा करायचा. ससे सात मीटरपासून पन्नास मीटरपर्यंत कुठेही असू शकतात. आणि खेळाची सगळी गोम इथे आहे: कुठला ससा किती लांब, ते कुणी सांगत नाही. लेझरने अंतर मोजायला बंदी. तुमचं तुम्ही ओळखायचं.

आपल्याकडे ‘रायफल’ म्हटलं की जी नावं ओठांवर येतात, त्यांच्या खेळात हा प्रश्नच नसतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तो १० मीटर एअर रायफलमध्ये. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं ते २५ मीटर पिस्तुलात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणलं ते ५० मीटर रायफलमध्ये. दहा, पंचवीस, पन्नास. आकडा स्पर्धेच्या नावातच लिहिलेला. तिथे कसोटी लागते ती स्थिर हाताची आणि त्याहून स्थिर मनाची. १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, तेव्हा त्यात सोपं काहीच नाही. पण लक्ष्य काल जिथे होतं तिथेच आज असतं. फील्ड टार्गेटचा ससा दर वेळी नव्या ठिकाणी बसलेला असतो, आणि म्हणून त्याची बंदूकही वेगळ्या हिशोबाने निवडावी लागते.

हा हिशोब मी उलट्या बाजूने शिकलो. पहिली बंदूक घेताना खोक्यावरचा वेगाचा आकडा बघितला. दुकानदारानेही तोच दाखवला. घरी आल्यावर कळलं की तो आकडा सर्वांत हलक्या, शिसंही नसलेल्या छऱ्याने काढलेला होता. कागदासारखा हलका छर्रा नळीतून सुसाट निघतो आणि वीस-पंचवीस मीटरवर हवेने दमून जातो. त्या बंदुकीने पत्र्याचे डबे मात्र चांगले वाजायचे.

खरा हिशोब असा. फील्ड टार्गेटचा नेहमीचा छर्रा साडेचार मिलिमीटर व्यासाचा आणि अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड. जागतिक स्पर्धांत ऊर्जेची मर्यादा १६.२७ जूल, म्हणजे इंग्लंडातले १२ फूट-पौंड. तेवढ्या ऊर्जेत हा छर्रा नळीतून सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने सुटतो. नळीच्या सरळ रेषेपासून तो दहा मीटरवर जेमतेम एक सेंटिमीटर खाली आलेला असतो. पन्नास मीटरवर जाईपर्यंत वीतभराहून जास्त, पंचवीसेक सेंटिमीटर खाली. वेग कमी होत जातो आणि उतार वाढत जातो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात गंमत होते: ४५ मीटरवरच्या सशाला तुम्ही ५० मीटरवर समजलात, तर छर्रा तीनेक सेंटिमीटर वर लागतो. भोक मोठ्यात मोठं ४० मिलिमीटरचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोनच सेंटिमीटर. नेम केसभरही न चुकता धरलेला असला तरी ‘टण्ण’.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या खेळात बंदूक ही दुर्बिणीसाठी घ्यायची असते. उलट नाही.

तरी बंदुकीपासूनच सुरुवात करू, कारण पैसे आधी तिथे जातात. कायद्याची बाजू सरळ आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेच्या बंदुकीची नळी साडेचार मिलिमीटरहून मोठी असेल किंवा ऊर्जा २० जूलच्या वर असेल, तर परवाना लागतो. फील्ड टार्गेटची जागतिक मर्यादा सव्वासोळा जूल आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे हा खेळ आपल्या परवानामुक्त चौकटीत नेमका बसतो. अमेरिकेत २० फूट-पौंडांपर्यंत, म्हणजे २७ जूलपर्यंत चालतं; ती बंदूक इथे बसत नाही, आणि तिची गरजही नाही. कुणी साडेपाच मिलिमीटरच्या बंदुकीचा आग्रह करील, ‘दणका जास्त’ म्हणून. परवान्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तेवढ्याच ऊर्जेत जड छर्रा हळू जातो, त्याची कमान जास्त वाकते, आणि अंतराची चूक महाग पडते. शिवाय १५ मिलिमीटरच्या भोकातून जाड छर्रा कडेला न घासता जायला जागा कमी उरते. बंदूक घेताना ओळखपत्राची प्रत मागितली तर कुरकुर करू नका. न मागणारा दुकानदारच टाळावा.

बंदुकांच्या जाती मुख्य दोन. पहिली स्प्रिंगची. नळी मोडून किंवा खालचा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची. चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा कोंडून तापते आणि छऱ्याला ढकलते. गावात ‘छऱ्याची बंदूक’ म्हणतात ती हीच. वालचंद हिराचंदांच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने पाइपांबरोबर अशा बंदुकाही केल्या, त्यांच्यावरचं ‘आयएचपी’ हे नाव जुन्या शौकिनांना अजून आठवतं. आज ठाण्याच्या प्रेसिहोलसारखे देशी कारखाने दोन्ही जातींच्या बंदुका करतात. परदेशी स्प्रिंगवाल्यांत इंग्लंडच्या एअर आर्म्सची टीएक्स २०० आणि जर्मनीच्या वायराउखची एचडब्ल्यू ९७ ही या खेळातली मानाची नावं. दोन्हींची नळी पक्की असते, स्प्रिंग खालच्या दांड्याने दाबली जाते. मोडणाऱ्या नळीचा सांधा झिजला की नेम हलतो. पक्क्या नळीला ती धास्ती नाही.

स्प्रिंगच्या बंदुकीचा स्वभाव मात्र तिखट. पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे येते, पिस्टन थांबताच पुढे झटका देते, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं. तिला आवळून धरलं तर ती वेडीवाकडी उडते. तळहातावर सैल ठेवायची, दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच सैल. ‘घट्ट धर’ असं ज्याला लहानपणापासून शिकवलं आहे त्याला हे उमजायला दोन महिने लागतात. हा दुहेरी झटका साध्या दुर्बिणीचं पोटही मोकळं करतो. बसवायची दुर्बीण स्प्रिंगच्या झटक्याला टिकणारी आहे ना, हे विचारूनच घ्या.

दुसरी जात पीसीपी, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या हवेची. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास हवा असते. मोटारसायकलच्या टायरात दोनेक बार असते, त्यावरून अंदाज करा. चाप ओढला की झडप क्षणभर उघडते आणि मोजकी हवा सुटते. झटका जवळजवळ नाही. कल्पना जुनी आहे. जिरार्दोनीने १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी केलेल्या बंदुकीत हवा दस्त्यातच भरलेली असे, आणि ती भरायला हातपंपाचे शेकडो फटके लागत. आजच्या स्पर्धेत वरच्या क्रमांकावर बहुतेक पीसीपीच दिसतात, स्टायर एलजी ११० सारख्या. या बंदुकीत बघायची गोष्ट म्हणजे रेग्युलेटर. तो नसला तर सिलिंडरमधला दाब उतरत जातो तसा छऱ्याचा वेग बदलत जातो, आणि तुम्ही पाठ केलेला उताराचा तक्ता विसाव्या छऱ्याला खोटा ठरतो.

आमच्याकडे पीसीपीपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो: हवा भरायची कुठे? हातपंपाने भरता येते, घाम निघतो. पण जून ते सप्टेंबर जांबोटी-कणकुंबीची हवा म्हणजे अर्धं पाणीच. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते ती काही उगाच नाही. दमट हवा पंपातून सिलिंडरमध्ये गेली की आत पाणी साठतं आणि झडपेला गंज चढतो. पंपाला ओलावा शोषणारी गाळणी हवीच, आणि भरताना मधूनमधून पंप थांबवून पाणी सोडायला हवं. कोरडी हवा पाणबुड्यांच्या सिलिंडरमधून मिळते. घाट उतरलं की गोवा, आणि तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र. चौकशी करायला हरकत नाही. पण सिलिंडर प्रमाणित आणि मुदतीतलाच हवा. दोनशे बारची हवा हा चेष्टेचा विषय नव्हे. एवढं सगळं नको असेल, तर स्प्रिंग बरी. खांद्याला लावून निघालात की झालं. शिकायलाही तीच जास्त शिकवते, असं मला वाटतं. पीसीपी तुमच्या चुका झाकते.

आता ‘चांगली’ म्हणजे काय, ते जत्रेतला फुगेवाला दाखवतो. त्याच्या फळीवर दोन बंदुका असतात. एकीचा छर्रा दर वेळी फुग्याच्या डावीकडे चार बोटं जातो. दुसरीचा कधी वर, कधी खाली, कधी बरोबर फुग्यावर. पोरं दुसरीच उचलतात, कारण तिने मघाशी कुणाचा तरी फुगा फोडलेला असतो. पहिलीच्या मागे लागलात तर तीन छऱ्यांत तिचं खोटं कळतं. मग उजवीकडे चार बोटं धरायचं, फुगे संपवायचे. फील्ड टार्गेटची बंदूक पहिलीसारखी हवी. छर्रे कुठेही जाऊ देत, पण एकाच ठिकाणी जाऊ देत. नेम दुर्बिणीच्या मळसूत्राने नंतर जागेवर आणता येतो. बंदूक टेकवून पन्नास मीटरवर पाच छर्रे मारा. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. पाचही छर्रे त्या नाण्याखाली झाकले गेले, तर बंदूक घ्या. नाही झाकले, तर लगेच परत करू नका, आधी छर्रे बदलून बघा.

छऱ्याचा आकार डमरूसारखा: डोकं भरीव, कंबर बारीक, मागचा घेर पोकळ. हवा आत शिरली की तो घेर फुलून नळीला चिकटतो आणि आट्यांमध्ये फिरू लागतो. कागदावर मारायला सपाट डोक्याचे छर्रे असतात, ते गोल स्वच्छ भोक पाडतात म्हणून. रानात गोल डोक्याचेच घ्यायचे, त्यांना हवा कमी अडवते. आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकाच कंपनीचे ४.५१ आणि ४.५२ मिलिमीटर डोक्याचे छर्रे एकाच नळीतून वेगळे वागतात. एकीला जे गोड, ते शेजारच्या तशाच बंदुकीला कडू. चार-पाच प्रकारचे डबे आणून संयमाने मारून बघणं याला दुसरा उपाय नाही, आणि नळी ज्यावर खूश झाली त्या डब्याचा घाणा क्रमांक टिपून ठेवावा. दमट घरात शिशावर पांढरी भुकटी चढते, डबा घट्ट बंद ठेवावा. शिसं विषारी आहे. छर्रे हाताळून झाले की हात धुवायचे, तोंडात छर्रा धरायची गावठी सवय सोडायची.

आता दुर्बीण. फील्ड टार्गेटवाल्याच्या बंदुकीवरची दुर्बीण बघून लोक हसतात, इतकी ती मोठी असते. चाळीस-पन्नास पट मोठं दाखवणारी, आणि बाजूला ताटलीएवढं चाक. हे चाक अंतर मोजतं. इतक्या मोठेपणाला काचेचा फोकस फार अरुंद होतो: ३० मीटरवर नेमका केला तर ३३ वरचा ससा धूसर दिसतो. चाक फिरवत जायचं, सशाच्या अंगावरची रंगाची पोपडी किंवा शेजारची गवताची काडी जिथे लख्ख दिसेल तिथे थांबायचं, आणि चाकावर तुम्ही स्वतः लिहिलेला आकडा वाचायचा. हे आकडे कंपनीचे नकोत. मोकळ्या जागेत टेपने मोजून दर पाच मीटरला, पुढे दर दोन मीटरला खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीवर फोकस करून चाकावर खूण करायची. अंतर लांबत जातं तशा खुणा जवळ येतात. ४५ आणि ५० मधली फट बोटभर मिळावी म्हणूनच चाक मोठं. आणखी एक खोड: उन्हात दुर्बीण तापली की आकडे सरकतात. जानेवारीच्या सकाळी केलेल्या खुणा मे महिन्याच्या दुपारी दोन मीटर खोटं बोलू शकतात. जाणती माणसं गरम दिवसाच्या खुणा वेगळ्या ठेवतात.

अंतर कळलं की तक्ता बघायचा, मळसूत्राच्या तेवढ्या टिचक्या फिरवायच्या आणि मारायचं. कोनाच्या एक चतुर्थांश मिनिटाची टिचकी पन्नास मीटरवर साडेतीन मिलिमीटर सरकवते. दुर्बिणीची कडी घट्ट आहेत ना, हे रोज बघायचं. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक घेतलं, त्या अंतिम फेरीच्या आधीचा त्याचा सरावाचा छर्रा भलतीकडेच गेला होता. नेमाचा दर्शक हललेला होता. त्याने तो जागेवर आणला आणि शेवटचा छर्रा १०.८ चा मारला. आपण बिंद्रा नाही. आधीच तपासलेलं बरं.

वाऱ्याला मात्र चाक नाही. ताशी आठ किलोमीटरची झुळूक, जिने पिंपळाची पानं हलतात तेवढीच, छऱ्याला पन्नास मीटरवर काही सेंटिमीटर बाजूला ढकलते. नळीच्या टोकाला लोकरीचा धागा बांधतात आणि त्याच्याकडे बघून नेम बाजूला धरतात. हे कुठलीही महाग बंदूक तुमच्यासाठी करत नाही.

अंगाला बसणं राहिलं. बहुतेक ससे जमिनीवर बसून मारतात; गुडघे उभे, पुढचा दस्ता डाव्या गुडघ्यावर. जमिनीवर बसायची सवय असलेल्या आपल्या माणसांना ही बैठक पाहुण्यासारखी वाटत नाही. म्हणून पाच-साडेपाच किलोची बंदूकही चालते, उलट जड बंदूक कमी हलते. दस्त्याची लांबी आणि गालाची उंची बदलता यायला हवी. डोळा आपोआप काचेच्या मध्यावर आला नाही आणि मान ताणावी लागली, तर बंदूक कितीही नावाजलेली असो, ती तुमची नाही. चाप दोन टप्प्यांचा हवा. पहिला टप्पा सैल, मग एक भिंत लागते, आणि भिंतीपलीकडे काच तुटावी तसा सुटतो. आमच्या हवेला लाकडी दस्ता फुगतो. थरांच्या लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असेल तर पावसाळा सुखाचा जातो.

आणि जागा. जांबोटीच्या दक्षिणेला भीमगड अभयारण्य आहे, २०११ मध्ये घोषित झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. रॉटनची वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी सापडतात, त्यांतली बारापेडेची गुहा याच रानात. वन्यजीव कायद्याचं ३१ वं कलम सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन या कायद्याच्या लेखी शस्त्रच आहे. ‘परवाना लागत नाही’ हे वाक्य तिथे उपयोगी पडणार नाही. पडूही नये. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारला एअरगन जमा करून घेण्याची मोहीम काढावी लागली, कारण या बिनपरवाना बंदुकांनी रानातले पक्षी संपत चालले होते. ससे मांडायचे ते आपल्या किंवा मालकाने होकार दिलेल्या शेतात, मागे मातीचा उंच बांध बघून. जांभ्या दगडाची भिंत मागे नको, छर्रा उलटून येतो. डोळ्यांवर चष्मा हवा, बघणाऱ्यांच्याही.

या खेळाचा एक स्वस्त भाऊ आहे, हंटर फील्ड टार्गेट. त्यात फेरी सुरू झाली की दुर्बिणीला हात लावता येत नाही. अंतर नुसत्या डोळ्याने ओळखायचं आणि नेम वर-खाली धरायचा. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, देशी स्प्रिंगची बंदूक आणि मध्यम दुर्बीण पुरते. पण दुकानात जाण्याआधी एक रविवार टेप घेऊन शेतात जा. आंब्याचं खोड किती लांब, बांधावरचा दगड किती लांब, आधी तोंडाने सांगा आणि मग मोजा. तुमची चूक पाच मीटरच्या आत येईपर्यंत पैसे खिशातच राहू द्या.